साहेबांची तपासणी, साहेबांकडूनच

शंकेखोर : इंग्लंड आणि वेल्समध्ये आज पोलिसांची ४३ दलं आहेत. बहुतेकांचा प्रमुख चीफ कॉन्स्टेबल. नावातल्या कॉन्स्टेबलवर जाऊ नका, हा माणूस आपल्या पोलीस आयुक्ताच्या तोडीचा असतो. या मंडळींचा कारभार तपासायला राजमुकुटाच्या नावाने नेमलेले मोजके निरीक्षक आहेत, ‘एचएमआय’ म्हणतात त्यांना, आणि ही पद्धत १८५६ पासूनची आहे. आता हे निरीक्षक येतात कुठून? बरेचसे त्याच खुर्च्यांमधून. एखाद्या दलाचं प्रमुखपद भूषवायचं, कारकीर्द उताराला लागली की गृहमंत्र्यांच्या शिफारशीवरून निरीक्षक व्हायचं. त्यांच्यातल्या सर्वांत वरच्याचं, चीफ इन्स्पेक्टरचं पद १९६२ मध्ये निघालं, आणि तिथून पुढची पन्नास वर्षं त्या खुर्चीत पोलिसाखेरीज कोणी बसलं नाही. मी उभी हयात लेखापरीक्षणात काढली. ज्या कचेरीत काल सही करत होतो तिचेच कागद तपासायला मला पाठवलं असतं, तर पहिला आक्षेप मीच नोंदवला असता.

पाठीराखा : तुमच्या लेखापरीक्षणात व्हाउचर असतं. पैसा गेला तर कुठेतरी आकडा हलतो, आणि तो हलला की तुम्हाला दिसतो. पोलिसांच्या कामात सगळ्यात मोठी चोरी आकडा न हलता होते, कारण नोंदच झालेली नसते. मी खात्यात होतो म्हणून सांगतो. वार्षिक तपासणी जाहीर झाली की पंधरा दिवस आधीपासून ठाण्यातल्या झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लागायचा, मुद्देमालाच्या खोलीत नवी लेबलं चिकटायची, शिपायांचे बूट आरशासारखे चमकायचे. बाहेरचा माणूस आला असता तर खूश होऊन शेरा लिहून गेला असता. पण आमच्याकडे एकदा एक उपमहानिरीक्षक आले, ते खालून वर चढलेले होते. त्यांनी गुन्हे रजिस्टरला हातच लावला नाही. म्हणाले, एनसीचं (अदखलपात्र गुन्ह्यांचं) रजिस्टर आणा. तासभर एकेक पान उलटत बसले. गळ्यातली साखळी ओढून नेली, ती ‘हरवली’ म्हणून लिहिलेली. डोकं फुटलेला माणूस आला होता, ते ‘किरकोळ बाचाबाची’ म्हणून एनसीत मारलेलं. त्यांनी अशा नोंदी काढून ठेवल्या आणि ठाणेदाराकडे नुसतं पाहिलं. ही नजर पुस्तकातून येत नाही. ज्यानं स्वतः त्या टेबलावर रात्रपाळ्या काढल्या आहेत त्यालाच ठाऊक असतं की गुन्हा कुठे पुरतात.

शंकेखोर : ठाऊक असतं, कारण त्यानंही पुरलेला असतो. राग मानू नका. पण तुमच्या त्या साहेबांनी नोंदी काढल्या, नुसतं पाहिलं, आणि पुढे? तुमच्या सांगण्यात पुढचं वाक्यच नाही. माझी शंका नेमकी तिथे आहे. आतल्या माणसाला दिसतं हे मी एका क्षणात मान्य करतो. दिसलेलं तो कुणाला सांगतो? विलायतेतल्या या वर्तुळाचा आकार लक्षात घ्या. चार-पाच डझन माणसं. सगळ्यांची वरिष्ठ प्रशिक्षणं एकाच पोलीस कॉलेजात झालेली, वर्षानुवर्षं एकाच संघटनेच्या बैठकांना बसलेले, एकमेकांच्या बढत्यांच्या वेळी एकमेकांना फोन केलेले. त्यात भर म्हणजे हे निरीक्षक फक्त तपासत नसत. वरिष्ठ पदांसाठी कुणाचं नाव पुढे जायचं, यात त्यांचं मत मोलाचं असे. १९८३ मध्ये ॲलिसन हॅलफर्ड मर्सीसाइडच्या असिस्टंट चीफ कॉन्स्टेबल झाल्या, त्या हुद्द्यावर पोहोचलेल्या देशातल्या पहिल्या बाई. पुढची पायरी मात्र त्यांना नऊ वेळा नाकारली गेली. शेवटी त्यांनी लिंगभेदाचा दावा लावला, तो स्वतःच्या दलाविरुद्ध, गृहखात्याविरुद्ध आणि त्या विभागाच्या निरीक्षकाविरुद्धही. १९९२ मध्ये तडजोड झाली, त्यामुळे कोण बरोबर याचा निवाडा झाला नाही. पण तपासनीस प्रतिवादींच्या रांगेत का दिसला याचा विचार करा. कारण तोच द्वारपालही होता. ज्याच्या शेऱ्यावर तुमची बढती ठरते त्याला तुम्ही कपाट उघडून दाखवाल का?

पाठीराखा : हा आक्षेप मी बाजूला सारत नाही. पण तुम्ही वर्तुळ पाहिलंत, त्यातून निघालेलं काम नाही पाहिलंत. लॉरेन्स बायफोर्ड घ्या. १९४७ मध्ये वेस्ट रायडिंगच्या दलात साधा शिपाई म्हणून लागला, चढत चढत लिंकनशरचा चीफ कॉन्स्टेबल झाला, मग निरीक्षक. तेवढ्यात यॉर्कशर रिपरचं प्रकरण घडलं. पीटर सटक्लिफनं १३ बायकांचे खून केले, आणि तो सापडेपर्यंत पोलिसांनी त्याला नऊ वेळा प्रश्न विचारून सोडून दिलं होतं. नऊ वेळा! जानेवारी १९८१ मध्ये तो पकडला गेला तोही शेजारच्या दलाच्या गस्तीत, शेफील्डला, गाडीची नंबरप्लेट खोटी निघाली म्हणून. चूक कुठे झाली ते शोधायला बायफोर्डला बसवलं. ज्या वेस्ट रायडिंगमध्ये त्याची उमेदवारी गेली ते दल पुढे, हा तपास करणाऱ्या वेस्ट यॉर्कशर दलातच विलीन झालेलं होतं. म्हणजे तुमच्या हिशेबाने तो सर्वांत नालायक तपासनीस.

त्यानं काय केलं? लीड्सच्या मिलगार्थ ठाण्यातल्या तपासकक्षात कार्डांचा डोंगर साचला होता. कागदांच्या वजनाने मजल्याला आधार द्यावा लागला होता म्हणतात. सटक्लिफची माहिती त्यात होती, पण वेगवेगळ्या कार्डांवर विखुरलेली. एका कार्डाची दुसऱ्याशी गाठच पडली नव्हती. त्याच्या एका मित्राचं निनावी पत्र आलं, त्याला पहिल्या प्राधान्याचा शिक्काही मारला गेला, आणि मग ते तसंच पडून राहिलं. वरच्या अधिकाऱ्यांनी एका बनावट टेपवर विश्वास ठेवून, बोलण्यात ईशान्येचा हेल नसलेली माणसं संशयातून वगळली. हे सगळं बायफोर्डनं आडपडदा न ठेवता लिहिलं. मोठ्या तपासाचा कक्ष कसा चालवायचा, कार्डं कशी जोडायची याची देशभर एकच पद्धत बसली आणि मग ‘होम्स’ ही संगणकप्रणाली आली, ती त्याच लिखाणातून. सांगा, एखाद्या वकिलाला वा हिशेबनीसाला त्या कार्डांच्या ढिगाचा अर्थ लागला असता? ज्यानं स्वतः अशी कार्डं भरली आहेत त्यालाच कळतं की दोष एखाद्या फौजदाराच्या आळसात नसून कार्डाच्या रचनेत आहे.

शंकेखोर : बायफोर्डचं काम उत्तम होतं. ते लोकांनी वाचलं कधी? जानेवारी १९८२ मध्ये गृहमंत्री व्हाइटलॉ यांनी संसदेसमोर सारांश ठेवला. संपूर्ण अहवाल खुला झाला २००६ मध्ये, माहितीच्या कायद्याखाली. चोवीस वर्षं! आणि त्यात काय निघालं? सटक्लिफवर जे गुन्हे शाबीत झाले तेवढेच त्याने केले असतील हे संभवत नाही, असं बायफोर्डनं लिहून ठेवलेलं होतं. म्हणजे कुठेतरी काही बायका, काही कुटुंबं अशी होती की ज्यांच्या प्रश्नाचा धागा सरकारी कपाटात होता, आणि त्यांना तो कुणी दिला नाही. तुम्ही म्हणाल कुलूप गृहखात्याने लावलं, बायफोर्डने नाही. कबूल. पण त्याची नेमणूक त्याच खात्याच्या शिफारशीने, आणि पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, तो चीफ इन्स्पेक्टर झाला. त्याने ते लाच म्हणून घेतलं असं मी सुचवत नाही, तसा कुठलाही पुरावा नाही. माझं म्हणणं एवढंच की खात्याच्या शिडीवर चढत आलेल्या माणसाला, अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवला की आपलं काम संपलं, असंच वाटतं. पोलिसाला तसंच शिकवलेलं असतं. खालून वर रिपोर्ट करायचा, बाहेर बोलायचं नाही.

आणि दुसरं उदाहरण तुमच्या यादीतून सुटलं. रॉनी फ्लॅनगन. उत्तर आयर्लंडचे पोलीसप्रमुख. ऑगस्ट १९९८ मध्ये ओमा गावात बॉम्ब फुटला, २९ माणसं गेली. डिसेंबर २००१ मध्ये तिथल्या पोलीस लोकपाल नुआला ओलोन यांनी त्या तपासावर अहवाल दिला, आणि त्यात फ्लॅनगन यांच्या निर्णयशक्तीवर व नेतृत्वावर फार कडक ताशेरे होते. त्यांनी ते जोरदार फेटाळले, तो त्यांचा हक्क. २००२ मध्ये ते दल सोडून निरीक्षक झाले, २००५ मध्ये चीफ इन्स्पेक्टर. २००७ च्या जानेवारीत त्याच लोकपालांचा आणखी एक अहवाल आला, त्यांच्या काळातल्या स्पेशल ब्रँचच्या आणि निमलष्करी खबऱ्यांच्या संगनमताबद्दल. काही पुढाऱ्यांनी राजीनामा मागितला. त्यांनी आपला कुठल्याही गैरवर्तनाशी संबंध नसल्याचं सांगितलं आणि ते २००८ पर्यंत पदावर राहिले. ते दोषी होते की नव्हते हा माझा मुद्दाच नाही. ज्याच्या स्वतःच्या दलाबद्दलचा वाद अजून उघडा आहे त्याला सगळ्या दलांचा मुख्य तपासनीस करताना कुणाची जीभ अडखळली नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

पाठीराखा : ती नेमणूक मलाही पटलेली नाही. पण तुम्ही एका नेमणुकीतून पूर्ण घराणं बाद करताय. बरं, बाहेरच्या माणसाचा प्रयोग झालाच ना. २०१२ मध्ये थेरेसा मे गृहमंत्री असताना टॉम विन्सर चीफ इन्स्पेक्टर म्हणून आले. वकील, पूर्वी रेल्वेचे नियामक. त्याआधी पोलिसांच्या पगार-भत्त्यांवर त्यांनी जो अहवाल दिला होता त्यावर हजारो पोलीस सुट्टीच्या दिवशी लंडनच्या रस्त्यावर उतरले होते. त्यांना गणवेशात पाहिल्यावर शिपायांच्या संघटनेचा झालेला जळफळाट आठवतो मला.

शंकेखोर : जळफळाट होऊ द्या की. त्यांच्याच कारकिर्दीत, २०१४ मध्ये, गुन्हेनोंदीचा तो अहवाल आला. इंग्लंड-वेल्समध्ये लोकांनी सांगितलेले सुमारे १९ टक्के गुन्हे नोंदलेच जात नव्हते, वर्षाला आठ लाखांहून अधिक. मारहाणीचे ३३ टक्के, लैंगिक गुन्ह्यांचे २६ टक्के. तुमचं ते एनसीचं रजिस्टर, अख्ख्या देशाचं. हे बाहेर काढलं कुणी? आतल्या पन्नास वर्षांनी नव्हे. आदल्या वर्षी लंडनच्या एका साध्या शिपायानं खासदारांच्या समितीपुढे साक्ष दिली, आणि मग वकिलाच्या हाताखालच्या निरीक्षकांनी मोजलं.

पाठीराखा : इथे तुमचा इतिहास अर्धा आहे. २००० साली याच विषयावर, गुन्ह्यांची नोंद पोलीस कशी करतात यावर, निरीक्षक खात्याचाच एक अहवाल निघाला होता. तो लिहिला कीथ पोवी यांनी. लेस्टरशरचे माजी चीफ कॉन्स्टेबल, पक्के आतले, पुढे चीफ इन्स्पेक्टर. त्यांनी चौदा वर्षं आधी लिहून ठेवलं की दलं गुन्हे चुकीचे नोंदवतात किंवा नोंदवतच नाहीत. त्यानंतर २००२ मध्ये देशभरासाठी नोंदीचा एकच निकष आला. म्हणजे आतल्याला दिसलं, त्याने सांगितलं, आणि छापलंही.

शंकेखोर : मग तर तुम्ही माझा नाही, तुमचाच खटला बिघडवलात. २००० मध्ये आतल्याने सांगितलं, २०१४ मध्ये बाहेरच्याने मोजलं, तर पाचवा हिस्सा तेव्हाही गायबच. मधली चौदा वर्षं निरीक्षक दरवर्षी दलांमध्ये जात होतेच की. पण थांबा, हे बोलता बोलता माझ्याच मुद्द्याला तडा जातोय. मी धरून बसलो होतो की आतला माणूस बघत नाही किंवा बघून गप्प बसतो. पोवींनी पाहिलं आणि बोलले. तरी काही हललं नाही. म्हणजे अडचण तपासनिसाच्या डोळ्यात किंवा जिभेत होती असं मला आता छातीठोकपणे म्हणता येणार नाही. शेरा ऐकला नाही तर काय होतं, यात ती होती. काहीच होत नसे.

पाठीराखा : तेच. १८५६ च्या मूळ कायद्याकडे चला, कारण त्या काळच्या लोकांना हे नीट कळलं होतं. तिघे निरीक्षक नेमले. वुडफर्ड हा लँकेशर काउंटीचा पहिला चीफ कॉन्स्टेबल, विलिस मँचेस्टरचा पोलीसप्रमुख, आणि तिसरा कार्टराइट हा सैन्यातला जनरल. म्हणजे पहिल्या दिवसापासून दोन आतले, एक बाहेरचा. तुमचा-माझा वाद तिथेच सुरू झालेला. पण त्या तिघांच्या हातात एक वस्तू होती. दल कार्यक्षम आहे असा दाखला त्यांनी दिला तरच सरकार त्या दलाच्या पगार-गणवेशाच्या खर्चाचा चौथा हिस्सा देई. १८७४ मध्ये तो निम्मा झाला. गावोगावचे नगरपिते पोलिसांवर पैसा खर्च करायला कुरकुरत. अनुदान जाईल म्हटल्यावर शिपाई वाढले, कोठड्या दुरुस्त झाल्या. निरीक्षक कुठून आला हे तेव्हा गौण होतं. तो काय रोखू शकतो हे महत्त्वाचं होतं.

शंकेखोर : गौण म्हणू नका. अनुदान रोखायचा अधिकार जुन्या सहकाऱ्याच्या हाती असेल तर तो ते रोखेल का, हा प्रश्न उरतोच. पण बाहेरचा माणूस म्हणजे रामबाण, असंही मी आता म्हणणार नाही, कारण क्लॅपहॅमचं प्रकरण मला अडचणीत टाकतं. मार्च २०२१. सारा एव्हरार्ड या तरुणीचा खून एका सेवेतल्या पोलिसानं केलेला, आणि तिच्या स्मरणार्थ जमलेल्या बायकांना लंडनच्या पोलिसांनी जमिनीवर दाबून पकडलं. त्याची छायाचित्रं जगभर गेली. चौकशी निरीक्षक मॅट पार यांच्याकडे. हा माणूस नौदलाचा, रिअर ॲडमिरल, पोलिसांत एक दिवस नोकरी नाही. तरी अहवालाने पोलीस योग्य वागले असा निर्वाळा दिला. वर्षभरानं उच्च न्यायालयानं वेगळ्या अंगानं निकाल दिला, सभेच्या आधी आयोजक बायकांशी पोलीस जे वागले त्यानं त्यांच्या हक्कांचा भंग झाला म्हणून. दोन्ही प्रश्न अगदी एक नाहीत, हे मला कळतं. पण तो निर्वाळा वाचताना बाहेरच्याची नजर मला कुठे जाणवली नाही.

पाठीराखा : त्याच पारनी नंतर पोलीसभरतीतल्या चारित्र्यपडताळणीवर जो अहवाल दिला तो अतिशय कडक होता, हेही जमेला धरा. माणूस एकाच प्रकरणात मावत नाही. आणि २०२२ मध्ये विन्सरनंतर पुन्हा आतला आला, मर्सीसाइडचा माजी चीफ कॉन्स्टेबल अँडी कुक. तुम्ही म्हणाला असता, झालं, दार पुन्हा बंद. त्याच वर्षी जूनमध्ये निरीक्षक खात्यानं लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांना विशेष देखरेखीखाली टाकलं. देशातलं सर्वांत मोठं दल! १८५६ मध्ये तर ते निरीक्षकांच्या कक्षेबाहेरच ठेवलं होतं. आणि २०२० मध्ये ग्रेटर मँचेस्टरच्या पोलिसांनी वर्षात सुमारे ८०,००० गुन्हे नोंदलेच नसल्याचं निरीक्षकांनी सांगितलं, तेव्हा काही दिवसांत तिथल्या चीफ कॉन्स्टेबलला पायउतार व्हावं लागलं. म्हणजे शेऱ्याला आता धार आली आहे.

शंकेखोर : धार शेऱ्याला आली की वर्तमानपत्रांना? लंडनच्या दलाचे इतके घोटाळे उघड झाले होते की त्याला देखरेखीखाली न टाकणं जास्त धाडसाचं ठरलं असतं. आणि ही देखरेख म्हणजे काय? निरीक्षक आदेश देऊ शकत नाही. तो वरचेवर भेटतो, विचारतो, लिहितो. प्रत्येक अहवालावर त्या भागाच्या निवडून आलेल्या, म्हणजे वर्दीतल्या नव्हे, पोलीस आयुक्ताने ५६ दिवसांत उत्तर द्यायचं, असा कायदा आहे. म्हणजे बंधन उत्तराचं. सुधारणेचं नाही. लेखापरीक्षणात असली उत्तरं मी गठ्ठ्यांनी वाचली आहेत. ‘शेऱ्याची नोंद घेतली, योग्य ती कार्यवाही सुरू आहे.’ पुढच्या वर्षी तोच शेरा, तेच उत्तर, फक्त तारीख नवी.

पाठीराखा : निदान तिथे छापतात. आपल्याकडे २००६ च्या प्रकाश सिंह निकालात सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक राज्याला सुरक्षा आयोग नेमायला सांगितलं, पोलिसांच्या कामाचं मूल्यमापन करून विधिमंडळापुढे ठेवण्याचं कामही त्याच्याकडे दिलं. महाराष्ट्रानं २०१४ मध्ये कायदा बदलून आयोगाची तरतूद केली. त्याच्या मूल्यमापनावर चौकात, कट्ट्यावर, अगदी विधिमंडळाच्या बातम्यांतसुद्धा चर्चा झालेली मी ऐकलेली नाही. आणि ती याचिका लढवली कुणी? एका निवृत्त पोलीस महासंचालकानं. आतल्यानं.

शंकेखोर : निवृत्त. पुढची पायरी शिल्लक नसलेल्या. हा फरक तुम्ही हळूच गिळलात. कुणाच्या शिफारशीवर त्याचं पुढचं पद अवलंबून नव्हतं, म्हणून तो न्यायालयात गेला. मला जर नियम करायला सांगितला तर मी एकच करीन : निरीक्षक झालेल्यानं त्यानंतर सरकारकडून काही घ्यायचं नाही. ना वरची खुर्ची, ना समितीचं अध्यक्षपद, ना सल्लागारपद.

पाठीराखा : मग चीफ इन्स्पेक्टर कुठून आणाल? निरीक्षकांतून वर चढवायचा नाही, म्हणजे दर वेळी थेट बाहेरून. आणि तुम्हाला तर त्याच्या शेऱ्याला धारही हवी आहे. समजा दिली. समजा उद्या मुख्य निरीक्षकाला अधिकार दिला की अमुक दल नालायक ठरलं तर त्याचा प्रमुख घरी जाईल. एवढी सत्ता, आणि ती ज्याला ठाण्यातल्या रात्रपाळीची चव ठाऊक नाही अशा माणसाच्या हाती? शिवाय त्याला नेमणार गृहमंत्रीच. मग ४३ प्रमुखांच्या मानेवर गृहमंत्र्याचा हात आला. आज ज्या निरीक्षकाला तुम्ही साधा अहवाल लिहायला विश्वासात घ्यायला तयार नाही, त्याला उद्या माणूस काढायला पाठवाल?

शंकेखोर : अधिकार नसताना तो कुठून आला हे मी चालवून घेईन. अधिकार दिलात, की मला तो बाहेरचाच हवा, आणि नेमणारा गृहमंत्री नको.

पाठीराखा : आणि मला नेमकं तेव्हाच तो आतला हवा. गृहमंत्री नको म्हणता, तर नेमणार कोण हे आधी सांगा.

शंकेखोर : संसदेची समिती.

पाठीराखा : ज्या समितीत बहुमत गृहमंत्र्यांच्या पक्षाचं?